पळसाचे शेवटचे फूल

फार फार वर्षांपूर्वी, जनावरेही एकमेकांवर दावे लावत असत तेव्हाची ही गोष्ट. एका रानात म्हातारी हत्तीण न्याय करायची. मुदत किती द्यायची यावर रानाचे कधीच एकमत झाले नाही, म्हणून ते काम न्यायासनासमोरच्या पळसावर सोपवले होते. पळस फुलला की दावे दाखल व्हायचे. शेवटचे फूल गळेपर्यंत ज्याने उत्तर दिले नाही, त्याला दावा कबूल आहे असे धरले जाई. ही पद्धत सर्वांना पटली, कारण झाड कुणाच्याच नात्यातले नव्हते.

एका वर्षी कोल्ह्याने साळिंदराच्या बिळावर दावा लावला. बीळ मीच खणले, असे त्याने बेधडक सांगितले. कावळा साळिंदराच्या दारात तसा निरोप ओरडून गेला.

साळिंदर हसला. बायकोला म्हणाला, "अगं, बीळ आपलं आहे हे सगळ्या रानाला ठाऊक आहे. तरी उत्तर असं देतो, की कोल्हा पुन्हा तोंड दाखवणार नाही."

तो उत्तर रचायला बसला. आधी रानाची स्तुती, मग हत्तिणीची, मग स्वतःच्या घराण्याची. त्याची बायको साळू रोज टेकाडावर चढून पळसाकडे बघायची. फुले विरळ होत चालली होती आणि बिळात पिल्ले लहान होती.

"अहो, कुठवर आलं उत्तर?"

"पणजोबांपर्यंत."

"कोल्ह्यापर्यंत कधी पोचणार?"

"घाई करू नकोस. सत्याला मुदत नसते."

"सशालाही असंच वाटत होतं," साळू म्हणाली.

सशाने मागल्या वर्षी उत्तर दिले नव्हते. आता तो आपली बाजू येणाऱ्याजाणाऱ्याला उत्तम पटवून देई, पण उघड्यावर बसून.

साळूने पिल्ले नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली आणि ती तडक निघाली.

पळसावर एकच फूल उरले होते. कोल्हा बुंध्याला पाठ घासत उभा होता, अगदी सहज. फूल हलत होते.

"कोल्होबा, खाज दुसऱ्या झाडावर भागवा," हत्तीण म्हणाली.

तेवढ्यात साळू धापा टाकत पोचली. "दावा नाकबूल! बीळ आमचं, आम्हीच खणलेलं."

फूल गळून तिच्या काट्यांवर पडले.

"हे काय उत्तर झालं?" कोल्हा चिडला. "ना मायना, ना दाखला!"

"वेळेत आलं, एवढंच आज बघायचं," हत्तीण म्हणाली. "खरंखोटं उद्या बिळापाशी."

दुसऱ्या दिवशी सारे रान बिळापाशी जमले. दावा कोल्ह्याचा, म्हणून आधी तोच बोलला. दाराची रुंदी, बाजूचा दगड, आतला उतार, सगळे त्याने घडाघडा सांगितले. डोकावून जेवढे दिसते तेवढे त्याला पाठ होते.

साळू म्हणाली, "मी एकच विचारते. आतून बाहेर पडायचं दुसरं दार कुठे आहे?"

कोल्हा हसला. "वहिनी, बिळाला दार एकच असतं. खणणाऱ्याला विचारा!"

साळू बिळात शिरली. सगळे दाराकडे बघत राहिले. थोड्या वेळाने कोल्ह्याच्या पाठीमागे वाळका पाला सळसळला. त्यातून एक पिल्लू बाहेर आले, त्यामागे दुसरे, मग साळू, आणि सर्वांत शेवटी, पणजोबांचे गुण पुटपुटत, साळिंदर.

"कोल्होबा, इकडे!" साळूने हाक मारली.

कोल्हा दचकून मागे उडाला, तो थेट तिच्या काट्यांवर. रानात असा हशा पिकला की हत्तिणीला निकाल दोनदा सांगावा लागला. दावा फेटाळल्याचे दावेदाराने मात्र ऐकले नाही. तो तोवर नदीपलीकडे पोचला होता. साळूची पिल्ले त्या दिवशी दोन्ही दारांतून हवी तितकी आतबाहेर धावली.

तात्पर्य: खऱ्या बाजूनेही मुदतीत हजर राहावे.