गुराबेचा दोर

“मग निशाण का चढवत नाही, बुवा?”

विश्राम तोडणकराने पुन्हा विचारलं. लाकडेबुवा समोरच्या गुराबेवरून नुसतं बोट फिरवत राहिले...

खाडीच्या तोंडाशी बुवांची मठी होती. मठी म्हणायची आपली. आत ना मूर्ती, ना टाळ. जुन्या काळची लढाऊ गलबतं तेवढी होती, बुवांनी हुबेहूब केलेली. कुठलं हातभर, कुठलं दोन हात, पण फळी न् फळी मापात. शिकायला येणारेही असत. शिष्याच्या गलबतावर बुवांनी स्वतःच्या हाताने निशाण चढवल्याशिवाय ते पुरं झालं असं कुणी मानत नसे.

विश्रामची गुराब तर बघत राहावी अशी. सागवानी अंग, लांब निमुळतं नाक, मुगाएवढी तोफांची तोंडं. तिच्या दोरांवरची लव त्याने दिव्याच्या ज्योतीवरून ओढून जाळली होती, कारण खऱ्या दोराला एवढी जाड लव नसते. असा माणूस. त्याच्या कामात खोट काढणं कुणाचं काम नव्हे, आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

पण ही नुसती हौस नव्हती. ही त्याच्या गावची गुराब, शिडांवर चालणारं मोठं लढाऊ जहाज. पिढ्यांमागे एका लढाईत वारा पडला, तेव्हा वल्ह्यांचं गलबत पुढे दोर बांधून तिला ओढत होतं. गुराबेने पेट घेतला. गलबताचा तांडेल, वल्हेकऱ्यांचा म्होरक्या, होता विश्रामचा पूर्वज. त्याने दोर कापला. गुराब गेली, वरच्या माणसांसकट.

तेव्हापासून गावात तोडणकरांना दोरकापे म्हणतात. लग्नाच्या पंगतीत कुणी लिंबाला सुरी मागितली, की “विचारा दोरकाप्यांकडे,” म्हणून हशा पिकतो. विश्राम खाली मान घालून जेवतो. लहानपणापासून तसाच जेवत आलाय बिचारा.

“आमच्या घराण्याने घालवली, आमच्याच घराण्याने परत आणली,” विश्राम म्हणाला. “देवळात ठेवणार आहे मी हिला. वर तुमचं निशाण असलं, की गावाची तोंडं बंद. आता काय राहिलंय तेवढं सांगा.”

बुवांचं बोट गुराबेच्या नाकाशी थांबलं.

“इथला दोर?”

“कुठला?”

“ओढायचा.”

विश्राम घुटमळला. मग म्हणाला, “तो गुराबेचा नव्हे, बुवा. तो गलबताचा.”

“असं होय...”

बुवा उठले. खुंटीवरची सुताची दोरी काढून त्याच्या हातात दिली.

“बांध. आणि होडी काढ.”

ओहोटी लागली होती. दिवस कलला होता. खाडी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं. विश्राम वल्हवत होता. बुवा मागच्या फळीवर एका कडेला, डोळे मिटून. आणि होडीच्या मागे, विश्रामच्या अगदी समोर, दोरीला बांधलेली गुराब चालली होती.

दोन हात लांबीची ती गुराब, पण हळूहळू मोठी दिसायला लागली. शिडांवर तांबडं ऊन पडलं होतं. विश्रामला वाटलं, वल्ह्यांचा आवाज जास्त येतोय. शेजारी कुणीतरी धापा टाकतंय... कुणीतरी पुढून पाणी मागतंय... त्याने वळून पाहिलं नाही. त्याला फार बरं वाटत होतं.

एकदम गचका बसला.

जाळी बांधायचे खुंट होते पाण्यात. त्यातल्या दोहोंच्या मधे गुराब घट्ट अडकली होती. दोरी ताणली, होडी जागीच थांबली, आणि ओहोटीचं पाणी मागच्या फळीवरून आत यायला लागलं.

“बुवा, पुढे सरका.”

बुवा हलले नाहीत. त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

विश्रामने वल्ही उलटी मारून पाहिली. ओहोटी ऐकेना. दोरीची गाठ सोडवायला गेला, तर ती भिजून आवळलेली. पाणी म्हाताऱ्याच्या कमरेला लागलं. होडीत एक कोयता पडला होता.

“माझी सगळी उमर गेली हो हिच्यात,” विश्राम म्हणाला. कुणाला म्हणाला, देव जाणे.

होडी आणखी बसली.

त्याने दोर कापला.

होडी सुटून पुढे गेली. दोर सैल पडताच गुराब खुंटांमधे आडवी झाली. एक डोलकाठी मोडली, मग दुसरी. मग शिडं भिजली, आणि मग तिथे पाणीच राहिलं. विश्राम रडला. आई गेल्यावर रडला होता तसा, मोठ्याने.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, “त्या गलबतावर वल्हवणारे होते ना, बुवा? ते पोचले असतील घरी?”

“पोचले.”

“आणि गुराबेवरचे?”

बुवा ओंजळीने होडीतलं पाणी बाहेर टाकत होते. टाकतच राहिले...

विश्रामने वल्ही सोडून दिली आणि खुंटांकडे पाठ करून बसला.

“मला नाही बघवत तिकडे.”

“सरळ बस,” बुवा म्हणाले. “वल्हवणाऱ्याचं तोंड मागंच असतं.”