पहिला घास

"पण परदेशी माणसं आपले रोखे विकून का निघाली, बाबा? आपल्यात कमी काय आहे?"

श्रीरंग देवस्थळींचा आवाज चढला होता. का नाही चढणार? देशाचे कर्जरोखे जगात खपवायचं खातं त्यांच्याच हाती. कालपरवापर्यंत परदेशी गुंतवणूकदारांची नुसती झुंबड असायची. आता एकेक जण काढता पाय घेत होता. उद्या राजधानीत त्यांच्याशी शेवटचं बोलणं. तिथे फिसकटलं तर साहेबांची अब्रू जाणार, आणि सरकारचीही.

हुसेनशा फकिरांनी ऐकत ऐकत खिचडीची हंडी चुलीवरून उतरवली.

टेकडीवरच्या त्यांच्या तकियात, म्हणजे मठीत, पंगत बसत होती. सगळे वाटसरू, कुठकुठले. फकिरांनी साहेबांच्या हाती खिचडीचा डाव दिला.

"वाढ."

साहेबांनी झकास वाढलं. वर तोंडभर कौतुक, "गरमागरम आहे हो! साजूक तूप आहे! घ्या, लाजू नका!"

कोणी हात लावेना.

"अहो, खा की!"

एक म्हातारी चाचरत म्हणाली, "साहेब, इथं वाढणारा पहिला घास खातो. सगळ्यांसमोर. मग आम्ही."

"मी? छे छे... मला बाहेरचं सोसत नाही. मी घरचा डबा आणलाय."

म्हातारीनं ताट हळूच बाजूला सरकवलं. शेजारचा ट्रकवाला तर उठायलाच लागला.

फकीर वाकले. हंडीतला एक घास घेतला, सावकाश चावून खाल्ला.

पंगत जेवायला लागली.

देवस्थळींचे कान तापले. मान वर करवेना. डाव हातात तसाच राहिला.

"बाबा..."

"बोल."

"माझी सगळी पुंजी... बायकोची, मुलींचीसुद्धा... परदेशात आहे. आपला एक रोखा मी घेतलेला नाही. मागच्या बैठकीत एका परदेशी बाईंनी हसत हसत विचारलं, यात तुमचे स्वतःचे किती? मी विषय बदलला... लाज वाटते, बाबा. मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

"हं."

"उद्याच्या उद्या सगळं इकडे आणतो! त्यांच्या देखत जाहीर करतो!"

घाईघाईनं त्यांनी हंडीत हात घातला, घास उचलला आणि पंगतीकडे बघत तोंडाशी नेला.

फकिरांनी मनगट धरलं.

"राहू दे, बेटा. दाखवण्यापुरता नको. भूक लागेल तेव्हा खा."