पालीच्या शेपटीवर उभे राहिलेले राज्य

त्या राज्यात धड असे कोणीच नव्हते. सिंहमहाराजांचा एक कान अर्धा होता, कावळा एका पायावर उभा राही. तुटलेले पुन्हा येत नाही, हे सर्वांनी मुकाट्याने मान्य केले होते.

ठकूबाई पालीचे मात्र निराळे होते. मांजरीने एकदा तिची शेपटी धरली, तेव्हा ती शेपटी तिथेच टाकून भिंतीवर चढली आणि यथावकाश नव्या शेपटीनिशी हिंडू लागली. हे कळताच कोल्हेप्रधानांनी तिला दरबारात बोलावले. शेपटी येते खरी, पण कशी ते आपल्याला ठाऊक नाही आणि वेळ फार लागतो, असे तिने सांगितले. ‘येते’ एवढेच दरबाराने ऐकले आणि आता सर्वांचेच तुटलेले परत येणार, अशी दवंडी पिटली.

बाजार फुलला. माकडाने न उगवलेल्या शेपट्या विंचरण्याचे दुकान थाटले. कोळ्याने महाराजांच्या येऊ घातलेल्या कानासाठी टोपरे विणले. भिकबा नावाच्या शेपूटतुट्या बैलाने नव्या शेपटीसाठी पहिला नंबर लागावा म्हणून गळ्यातली घंटा प्रधानांना देऊन टाकली.

परराज्यांतून पाहुणे येऊ लागले. प्रधान टाळी वाजवत, ठकूबाई शेपटी टाके, पाहुणे थक्क होत. दर खेपेला नवी शेपटी आणखी आखूड निघे. शेवटी खुंट तेवढा उरला आणि भिंतीवर तिचा तोल जाऊ लागला.

“एकदा पुरती वाढू द्या,” तिने प्रधानांना विनवले.

“थांबलो तर लोकांना वाटेल, काही घडतच नाहीये,” प्रधान म्हणाले आणि त्यांनी खुंटाला रंगवलेली सुतळी बांधली.

सुतळी सोडून ठकूबाई पळाली ती भिकबाच्या गोठ्यात शिरली. तो आता आपला नंबर मागणार, या धास्तीने ती आक्रसून बसली. भिकबाने तिचा खुंट पाहिला, काही न विचारता गव्हाणीमागे जागा करून दिली आणि रवंथ करू लागला.

बऱ्याच दिवसांनी माग काढत प्रधान पाहुण्यांसह तिथे पोचले. ठकूबाईची शेपटी बोटभर झाली होती. प्रधानांना गहिवरून आले. त्यांनी टाळीसाठी पंजे उचलले, तोच भिकबा मध्ये आडवा झाला.

“वाढतेय,” तो म्हणाला. “बसा.”

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि ते गवतावर बसले. प्रधानांना शेणाजवळची जागा उरली. माश्या वारायला काही नसल्याने भिकबा मधूनमधून कातडी थरथरवत होता, आणि सगळे त्या बोटभर शेपटीकडे टक लावून बसले होते. तिची वाढ कोणाच्याच डोळ्यांना दिसत नव्हती.