केतकीची नजर

"पण मग ती हरली कशात, ताई?"

यमुताई देवस्थळी सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या.

वाईतल्या त्यांच्या घरामागच्या अंगणात सुहृद सबनीस उभा होता. पायाशी जाळीच्या दाराची पेटी. पेटीत केतकी, त्याची मलईच्या रंगाची पर्शियन मांजरी.

यमुताई जनावरांच्या डॉक्टर. निवृत्त होण्याआधीची वीस वर्षं त्या मांजरांच्या प्रदर्शनांत परीक्षकही होत्या. केस कसे विंचरायचे, नखं कशी कापायची, टेबलावर मांजर कसं उभं करायचं, सगळं सुहृद त्यांच्याकडेच शिकला होता. औषध कंपनीतली नोकरी सोडून तो यात पडला, त्या दिवसापासून वडील त्याच्याशी बोलत नव्हते. केतकीला चॅम्पियन किताब मिळाला तेव्हा त्याने त्यांना फोटो पाठवला. उत्तर आलं नाही.

ग्रँड चॅम्पियन व्हायला आता एकच विजय हवा होता. तो गेल्या आठवड्यात बंगळुरूला हुकला.

"परीक्षकाचा कागद दाखव."

ताईंनी चष्मा लावून वाचलं. डोकं उत्तम. बांधा उत्तम. केस अप्रतिम. आणि खाली एक ओळ… पिसाकडे पाहिलं नाही. नजर विझलेली.

टेबलावर परीक्षक मांजरापुढे पिसाची काठी हलवतात. मांजर कान टवकारतं का, ते बघतात. केतकीने मानही वळवली नव्हती.

"डोळे तपासलेस?"

"दोन ठिकाणी. काही दोष नाही."

"मग?"

"तेच विचारायला आलोय. नजर कशी शिकवायची?"

ताईंनी कागदाची घडी घालून त्याला परत दिली.

"दार उघड पेटीचं."

"इथे? ताई, त्या केळीच्या आळ्यात चिखल आहे. तीन आठवड्यांवर हैदराबाद आलंय. हे केस राखायला दीड वर्ष घालवलंय मी. घरी तिला फरशीवरसुद्धा सोडत नाही."

"उघड, सुहृद."

त्याने दार उघडलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग केतकी बाहेर आली. चार पावलं चालली. उन्हातल्या फरशीवर थांबली, पुढचे पाय जुळवले, पाठ सरळ केली, मान उंचावली… आणि उभी राहिली.

भिंतीवर चिमण्या भांडत होत्या. तिने तिकडे पाहिलं नाही.

"काय करतेय ती?"

"उभी राहिलीय. बघा ना, एक पाय इकडचा तिकडे नाही!"

"ते दिसतंय. वाट कशाची बघतेय?"

"मी 'झालं' म्हणायची. मी म्हटल्याशिवाय हलत नाही ती." त्याचा आवाज जरा फुलला.

"मग म्हण."

"झालं."

केतकीने अंग सैल सोडलं. वळली. पेटीत जाऊन बसली.

…

सुहृद पेटीकडे बघत राहिला.

"रोज असंच?" ताईंनी विचारलं.

"रोज." मग एकदम तो म्हणाला, "तुम्हीच तर शिकवलंत! हाताखाली मांजर हलता कामा नये. तुमचेच शब्द आहेत."

"माझेच." ताईंनी सूप मांडीवरून खाली ठेवलं. "हात कधी काढून घ्यायचा, ते सांगायचं राहिलं माझ्याकडून."

वाऱ्याची झुळूक आली. सुपातलं एक फोलपट फरशीवर पडलं आणि खडखडत पेटीसमोरून गेलं.

पेटीत दोन कान उभे राहिले.

केतकी बाहेर आली ती पोट जमिनीला घासत. डोळे काळेभोर, गोल. मागचा भाग डुलला आणि तिने झेप घेतली. फोलपट निसटलं. ती मागे धावली. फोलपट केळीच्या आळ्यात गेलं, तशी तीही गेली. मलईचा रंग चिखलात पार बुडाला.

सुहृद धावला. ताईंनी त्याचं मनगट धरलं.

त्याने सुटायचा प्रयत्न केला, आणि मग थबकला.

"ताई… नजर! हीच नजर हवी होती!"

"हं."

"ही टेबलावर कशी आणायची?"

ताईंनी एक फोलपट उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं. "टाक तिच्यापुढे."

तो उकिडवा बसला. हात उचलला.

केतकीला तो हात दिसला. तोंडातलं फोलपट तिने खाली टाकलं. तिथेच चिखलात पुढचे पाय जुळवले, पाठ सरळ केली, मान उंचावली. उभी राहिली.

सुहृदचा हात तसाच हवेत राहिला.



"झालं," तो पुटपुटला. "झालं, केतकी… झालं गं."

चिखलाचे ठसे उमटवत ती पेटीत गेली. सुहृदने तोंड फिरवलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"चार दिवस राहशील?" ताईंनी विचारलं.

"राहून काय करू?"

"काही करू नकोस."

त्यांनी त्याच्या पिशवीतला कंगवा काढला आणि आपल्या कपाटात ठेवून किल्ली लावली.

पहिला दिवस सुहृदने पायरीवर, हात मांडीखाली दाबून काढला. दुसऱ्या दिवशी केतकीच्या पोटाखाली केसांच्या गाठी झाल्या. तिला त्या टोचू नयेत म्हणून ताईंनीच कात्रीने कापून टाकल्या. मूठभर मलईचे केस फरशीवर पडले. सुहृद जेवला नाही. तिसऱ्या दिवशी केतकी वाळलेल्या कपड्यांच्या ढिगावर पोट वर करून झोपली. त्याने तिला असं झोपलेलं कधीच पाहिलं नव्हतं. तो दारात उभा राहून कितीतरी वेळ बघत होता.

चौथ्या दिवशी दुपारी ओसरीवर त्याचा डोळा लागला. लेंग्याची नाडी बाहेर लोंबत होती, हात नाडीजवळच पडला होता.

"आई गं!"

ताई स्वयंपाकघरात होत्या. सुहृद मनगट धरून आत आला. त्यावर तीन लाल रेघा उठल्या होत्या. तो हसत होता.

"ताई, ओरबाडलं तिने मला! नाडीशी खेळता खेळता. मी हात काढला तर पुन्हा आली… माझ्या हातावर आली, ताई!"

बंगळुरूला जिंकला असता तरी त्याने याहून मोठ्याने सांगितलं नसतं.

"साबण लाव," ताई म्हणाल्या आणि त्यांनी नळ सोडला.

तो मनगट धूत राहिला. हळूहळू हसू मावळलं.

"हैदराबादला नाव दिलंय तिचं. काढून घ्यायचं तर उद्यापर्यंतच मुदत आहे." पाणी वाहत होतं. "पोटाखालचेच केस गेलेत. उरलेले सावरता येतील. आणि नजर आता… एकच विजय हवाय, ताई. एकदा ते पूर्ण झालं, की बाबा…"

त्याने मनगट पुन्हा पाण्याखाली धरलं.

"नेऊ की नको? तुम्ही सांगाल तसं करतो."

ताईंनी नळ बंद केला.

"तिला विचार," त्या म्हणाल्या. "आता सांगेल ती."