एसीचं पाणी

शप्पथ सांगतो, आयुष्यात एवढा कधीच टरकलो नव्हतो! मावसबहिणीचं लग्न चिपळूणला आणि आम्ही पाच जण मामाच्या गाडीत. कुंभार्ली घाट उतरायच्या आधी चहाला थांबलो. परत येऊन बघतो तर मागच्या चाकाच्या आतून काहीतरी टपटप गळतंय. बोट लावलं तर तेलकट, पिवळसर.

"मामा, ब्रेक ऑइल वाटतंय हे! घाटात ब्रेक गेले तर?"

"गप रे! तीस वर्षं गाडी चालवतोय मी. एसीचं पाणी आहे ते. नवरीचा मामा आहे मी, मुहूर्त थांबणार आहे का? बसा सगळे!"

मामापुढे बोलायची कुणाची टाप नाही. सगळे गाडीत बसले. समोरच पहिलं वळण, त्याच्याखाली नुसती दरी.

मामी मात्र बाहेरच उभी. "अहो, नक्की पाणीच ना?"

"किती वेळा सांगू?"

"मग तुमच्या उपरण्याचं टोक लावा त्याला. पाणी असेल तर लगेच सुकेल."

मामाने लग्नासाठी घेतलेलं कोरं रेशमी उपरणं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. "वेडी आहेस का? डाग पडला तर?"

"डागाला एवढे घाबरता, आणि आम्हाला घेऊन घाट उतरायला नाही घाबरत?"

मामाने गाडीची किल्ली मामीच्या हातात दिली आणि मागून येणाऱ्या चिपळूणच्या एसटीला हात केला.