करळीच्या होड्यांसाठी दिवा

खळ्ळ! वाऱ्याने खिडकी आपटली आणि कंदिलाची काच फुटली. छोटी रेमेत दचकून आईच्या, कातरीनच्या पदराला बिलगली.

भाविकहो, त्या काळी नांदरे गावच्या खाडीकाठी संतपुरुष जुझेबाबा राहत असत. खाडीच्या तोंडावरच्या क्रुसापाशी रोज तिन्हीसांजेला दिवा असावा, असं बाबांनी सांगितलं आणि विधवा कातरीनने ती सेवा आपलीशी केली. पुढे खाडीपलीकडच्या करळीच्या कोळ्यांशी जाळ्यांवरून भांडण झालं. तेव्हा वाडीच्या म्होरक्याने, दुमिंग तांडेलाने हुकूम काढला : आपल्या ख्रिस्ती वाडीच्या होड्या लागल्या, की दिवा विझवायचा. कातरीन मात्र शेवटची होडी, मग ती कुणाची का असेना, आत येईपर्यंत तो जळू देई.

आज कंदिलाला काचच नाही! बाहेर पाऊस तिरपा मारतोय, समुद्रात माणसं आहेत. काय करावं बाईने?

इतक्यात दारात बाबा उभे! "कातरीन, दिवा निघाला नाही अजून?"

"उघडी वात या पावसात कशी टिकेल, बाबा?"

"तू फक्त धर गं. टिकवणारा तो आहे."

करवंटीत तेलवात घेऊन, वर हात धरून कातरीन निघाली. मागोमाग बाबा, त्यांच्या झग्याला धरून रेमेत.

क्रुसापाशी दुमिंग उभाच होता. "आली बघा, करळीकरांची लाडकी वहिनी! अगं, आपल्या होड्या लागल्या सगळ्या. माझी पोरं तर शहाणी, दुपारीच जवळच्या बंदरात शिरली असतील. बाहेर आहेत ते आपली जाळी फाडणारे. फुंक तो दिवा!"

कातरीनने करवंटी घट्ट धरली. वाडीत राहायचं तर तांडेलाशी वैर घेऊन कसं चालेल? तरी ती म्हणाली, "तांडेल, बुडणारा माणूस कुठल्या गावचा, ते मला इथून कसं दिसणार?"

दुमिंगने स्वतःच फुंकर मारली. ज्योत हललीसुद्धा नाही! पाऊस थेट वातीवर पडत होता आणि ज्योत आपली ताठ उभी. बाबांचे डोळे मिटलेले होते, ओठ तेवढे हलत होते.

तोच हाक आली. करळीची एक होडी खाडीत शिरली, आणि तिच्यामागे दोराने बांधलेली दुसरी. ती दुमिंगची होती! आत त्याची दोन्ही पोरं कुडकुडत बसली होती.

करळीचा पोशा कोळी खाली उतरला. "तांडेल, यांचं सुकाणू मोडलं होतं. दोर टाकला खरा, पण वाट आम्हालाच दिसेना. बरं झालं तुम्ही एवढी होळी पेटवलीत, खाडीचं तोंड लख्ख दिसलं!"

होळी? कातरीनच्या तळहातावर करंगळीएवढी ज्योत होती.

दुमिंग बाबांच्या पायांवर कोसळला. बाबा म्हणाले, "माझे पाय कशाला धरतोस? ज्याने तुझी पोरं ओढून आणली त्याच्याकडे जा. प्रभूने आपल्या हाती दिवा दिला, तो काय आपलंच अंगण बघायला?"

तांडेलाने पोशाचे दोराने सोललेले हात कपाळाला लावले. मग तो कातरीनपुढे वाकला. "बाई, चुकलो. तुझा दिवा आता कुणी विझवणार नाही."

कातरीनचे डोळे भरून आले. रेमेत मात्र खाडीपलीकडच्या मिट्ट काळोखाकडे टक लावून बघत होती.

"आये," तिने विचारलं, "त्यांच्या काठावर दिवा कोण लावतं गं?"