न मोडलेला पलंग

"...मग त्यांना हरवायचं कसं, अप्पा? तेवढंच सांगा."

मठाचे अप्पा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाला?"

"बायपासवरच्या त्या मोठ्या दुकानाला. आणखी कुणाला!"

तुळशीराम उभाच होता. खांद्याला हत्यारांची पिशवी, डोक्यावर नुकते फुटू लागलेले केस. थोरला भाऊ दिगंबर भर दुपारी दुकानात पाणी प्यायला म्हणून खाली बसला, तो उठलाच नाही. दोघा भावांचं लाकडी सामानाचं दुकान. ते आता एकट्याचं झालं होतं.

"त्यांच्याकडं काचेचा जिना आहे. गार हवा आहे. पलंगावर उशा फुकट, वर हप्ते पाडून देतात. माझ्याकडं काय आहे? भुसा!"

"हं."

"त्यांचा मॅनेजर आला होता. म्हणाला, कुलूप लाव आणि आमच्याकडं फिटर म्हणून ये. सोमवारी सांगतो म्हटलंय."

"मग सांग."

"असं कसं सांगू? दादाच्या चितेपुढं बोललोय मी, दुकान बंद पडू देणार नाही म्हणून..." तो एकदम उसळला. "आणि खरं विचाराल तर दादानंच बुडवलं दुकान! विकून झालेल्या पलंगामागं कुणी फिरतं का? कुणाकडं काही कुरकुरलं की निघाला हा, अख्खा दिवस मोडून!"

अप्पांनी शेंग सोलली. दाणे सुपात पडले.

"तू जात नाहीस?"

"जातो की! परवाच सावरखेडला जाऊन आलो. निंबोळीच्या शिवप्पांची रेणुका तिथं दिलीय. लग्नातला पलंग आपल्याकडचा. सासूच्या फोनवरून बोलली. पलंग कुरकुरतोय, दिगूमामांना पाठवा म्हणाली."

"मग?"

"मी म्हटलं, दिगूमामा... नाहीत आता."

पिशवी खाली ठेवून तो ओसरीच्या कडेला टेकला.

"मग म्हणाली, तुम्ही तरी या, मामा. माझ्याएवढीच असेल, अन् मला मामा म्हणते!"

"गेलास?"

"गेलो. पलंग हलवून बघितला. उलटा पाडून बघितला. एक सांधा ढिला नव्हता, अप्पा. दादाच्या हातचं काम ते! सासू दारातच बसलेली, टक लावून. माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, याला काही धाड भरलेली नाही. सही घेतली आणि निघालो."

"सही कसली?"

"येऊन बघितल्याची. मोठ्या दुकानाची माणसं घेतात. मी पण चालू केली."

अप्पा किंचित हसले.

"म्हणजे नोकरीला लागलासच की त्यांच्याकडं."

तुळशीरामच्या अंगाची आग झाली. त्यानं पिशवी उचलली. मठात नसता तर तोंडाला येईल ते बोलला असता. तो पायरी उतरू लागला.

"दिगंबर काय करायचा रे तिथं जाऊन?"

तो थबकला.

"काही नाही करायचा! मी होतो ना एकदा बरोबर. नुसता ठोकत बसला. चांगल्या धडधाकट लाकडावर... ठाक, ठाक, ठाक. मी म्हटलं, दादा, आता तरी उठ. तर म्हणाला, तू टेम्पोत जाऊन बस."

"आणि पोरगी?"

"ती पलंगाचा पाय धरून खाली बसली होती, हलू नये म्हणून. काहीतरी सांगत होती त्याला. मी दारात उभा होतो, सासूच्या शेजारी. त्या ठोकण्यात एक शब्द ऐकू..."

त्यानं वळून अप्पांकडं पाहिलं.

अप्पांनी सूप बाजूला सरकवलं.

"परत कुठल्या वाटेनं आलात?"

"निंबोळीवरून." आता तो अगदी हळू बोलत होता. "वाट वाकडी करून. दादा शिवप्पांच्या ओट्यावर बसला त्यांच्याशी बोलत. मी टेम्पोचा हॉर्न वाजवत होतो. शिवप्पा... डोळ्याला पटका लावत होते. मला वाटलं, ऊन लागलं असेल म्हातारबाला."

आत कुणीतरी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"परवा तू निघालास, तेव्हा काय म्हणाली ती?"

तुळशीरामनं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"म्हणाली... जरा ठोकून तरी बघा, मामा."

"आणि तू?"

"मी म्हटलं, जे मोडलंच नाही ते काय ठोकू?"

...

मग तो रडला. चितेपुढं रडला नव्हता, चुलत्यांनी हात धरून आवरलं होतं, दुकान तुला बघायचंय म्हणाले होते. आता मात्र पायरीवर बसून, नाक पुसायचंही भान न ठेवता, लहान पोरासारखा रडला.

"मला कधी सांगितलं का नाही त्यानं, अप्पा? शेजारी झोपायचो मी त्याच्या. एका ताटात जेवायचो. वेडा म्हणायचो मी त्याला गिऱ्हाइकांपुढं... तर नुसता हसायचा."

अप्पांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. सावली ओसरीवरून अंगणात उतरली.

शेवटी तुळशीरामनं उपरण्यानं तोंड पुसलं.

"सोमवारी त्यांना काय सांगू?"

अप्पा उठले. त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, आत हात घातला. पटाशी बाजूला ठेवली, रंधा बाजूला ठेवला, पेचकस बाजूला ठेवला. एक हातोडी तेवढी त्याच्या हातात दिली.

"आधी सावरखेडला जा. आणि बराच वेळ ठोक."